पाणी ठीक

९ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू पदरचं घालून आईला सांगतोस, म्हणून हे पत्र.

सोलरच्या दुकानात लागलो त्याला चार महिने झाले. आई अजून म्हणते, सरांच्या टेबलावर जर्नल आपटून आला नसतास तर यंदा इंजिनिअर झाला असतास. तिला सांग, तिच्या अर्धवट इंजिनिअरने या आठवड्यात एक अख्खा दवाखाना उजेडात आणला. छपरावर पॅनल, मागच्या खोलीत इन्व्हर्टर आणि चार दणदणीत ट्यूब्युलर बॅटऱ्या. सगळं माझ्या हातचं. दुकानाचे मालक बाहेरगावी होते, त्यामुळे बॅटरी कुठली घ्यायची हेही मीच ठरवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगाल ती." मी सांगितली, त्यांनी सही केली.

त्यांच्याकडे लहान मुलांच्या लशींचा फ्रिज आहे. लाईट गेली तरी तो चालत राहिला पाहिजे, त्यासाठी हा सगळा खटाटोप. तुझ्या वर्कशॉपात शाळेच्या सुट्ट्या घालवून टर्मिनलं घासली, बोटं काळी केली, ती वाया गेली नाहीत म्हणायची.

तुझा,
फ्यूज


२० फेब्रुवारी

फ्यूज,

लहानपणी पटकन उडायचास म्हणून हे नाव ठेवलं, आता तू त्याच नावाने सही करायला लागलास. बरं आहे.

पत्र वाचून छाती फुगली, मग हळूहळू खाली बसली. ट्यूब्युलर का रे? ती पाणी पिणारी बॅटरी. मी तीस वर्षं तिच्यावरच पोट भरलं, तिची निंदा करणार नाही. बघणारा माणूस असेल तर ती सोनं आहे. पण दवाखान्यात कोणाचा हात रिकामा असतो? लिथियमची घेतली असतीस तर पाणी नको, ॲसिड नको, वर्षानुवर्षं कोणी ढुंकून बघायला नको. परवडत नव्हती का त्यांना?

असो. बसवल्यास तर आता ऐक. पाणी डिस्टिल्डच. नळाचं "एकदाच चालेल" असंही चालत नाही. भरायचं ते चार्ज पूर्ण झाल्यावर. टर्मिनलांना व्हॅसलीनचा हात. चार्ज निम्म्याखाली उतरू द्यायचा नाही. चारांतली एक गेली तर तिच्या जागी एकटी नवी घालायची नाही, म्हातारी नवीलाही घेऊन बसते. आणि खोली हवेशीर हवी, चार्जिंगला जो वायू निघतो त्याचा भरवसा नाही.

पाणी बघणार कोण, ते लिहिलं नाहीस.

मामा


३ मार्च

मामा,

पाणी मी बघणार. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी.

आता तुला खरं सांगतो, पण आईला सांगितलंस तर तुझं माझं नातं संपलं. लिथियम त्यांना परवडत होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः विचारलं होतं, "ती बिनपाण्याची म्हणतात ती घेऊ का?" मी म्हणालो, ही जास्त मजबूत. कारण लिथियम एकदा बसवली की मला पुन्हा तिथे कोण बोलावणार?

तिथे औषधखोलीत एकजण आहे. गोळ्या मोजताना तिचे ओठ हलतात आणि मध्ये कोणी बोललं तर ती न रागावता पुन्हा एकपासून मोजते. मी असतो तर डबी भिंतीवर मारली असती. कामाच्या तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "ही पट्टी लाल झाली म्हणजे काय?" प्रत्येक टोपणात एक तरंगती काडी असते ना, पाणी असेल तर हिरवी दिसते, उतरलं की लाल, ती. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मीच भरत जाईन की. दाखवा." मी म्हणालो, छे छे, ॲसिड आहे, हात जळतील, त्या खोलीत कोणी जायचंच नाही. कुलूप घातलं आणि चावी माझ्या खिशात.

परवा शनिवारी पहिल्यांदा गेलो. चारीत मिळून सव्वा लिटर पाणी लागलं. भरायला दहा मिनिटं पुरे होती, मी पाऊण तास लावला. ती खिडकीच्या जाळीतून बघत होती.

कशी वाटली अक्कल?

फ्यूज


१५ मार्च

लबाडा,

तुझं पत्र वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवलं. वेल्डर तर पोट धरून खाली बसला. म्हणाला, पोरीसाठी लोक कविता करतात, याने बॅटरी बसवली. तुझ्या मामीला आम्ही बघायला गेलो तेव्हा मला एवढं सुचलं असतं तर पोहे कमी खावे लागले असते.

हसणं झालं. पाणी चुकवू नकोस. आणि चावी तिच्याकडेही एक दे. उद्या तू आजारी पडलास तर?

मामा


११ ऑक्टोबर

मामा,

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नकोस.

दवाखान्यातल्या बॅटऱ्या बसल्या. गेल्या आठवड्यात तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, त्यात वीज गेली. फ्रिज चाळीस मिनिटं चालला आणि बंद पडला. सकाळी उघडून बघतात तर तापमानाचा काटा अठरावर. आठच्या वर जायला नको असतो. सगळ्या लशी फेकून द्याव्या लागल्या. बुधवारी दोनशेवर आया पोरांना काखोटीला मारून रांगेत उभ्या होत्या, त्यांना परत पाठवलं.

आमच्या दुकानाच्या तपासणी कार्डांवर सप्टेंबरपर्यंत सगळं ठीक आहे. त्यामुळे बॅटऱ्यांत दोष नव्हता, फ्रिजच्या लाईनीवर औषधखोलीत कोणीतरी पाणी तापवायची किटली लावत असणार, असा निष्कर्ष निघालाय. औषधखोली तिची. तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे.

मला तिच्याबद्दल काही लिहायचं नाही. ते सगळं एप्रिलमध्येच संपलं. तू फक्त एवढं सांग, या बॅटऱ्या परत उठतील का?

फ्यूज


१९ ऑक्टोबर

फ्यूज,

वाईट वाटलं. बॅटऱ्यांचं आणि तुझंही. पण एका अर्थी सुटलास. जिला चहाची किटली आणि पोरांच्या लशी यांत आधी काय हे कळत नाही, ती तुझा संसार काय सांभाळणार होती? नोटीस दिली ते योग्यच केलं. असल्या माणसांना दवाखान्यात ठेवूच नये.

बॅटऱ्यांचं असं. टोपणं उघड. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी घाल, लगेच वरपर्यंत भरू नकोस. दोन दिवस सावकाश चार्ज कर. मग खुणेपर्यंत भर. एकूण किती पाणी गेलं आणि हायड्रोमीटरवर ॲसिडची घनता किती दिसते ते लिही. त्यावरून सांगतो.

तुझ्या आईला मी म्हणालो, पोरगा सुधारला, दुसऱ्याच्या चुकीचं निस्तरतोय.

मामा


२६ ऑक्टोबर

मामा,

सांगितलंस तसं केलं. चारीत मिळून सात लिटर गेलं. दोन दिवस चार्ज करूनही हायड्रोमीटर साडेबाराशेच्या जागी अकराशे पंधरा. प्लेटांवर पांढरा थर आहे, बोटाने खरवडला तरी निघत नाही.

तिला उत्तर द्यायला चार आठवडे दिलेत. कंत्राटी नोकरी आहे, घालवायला वेळ लागत नाही. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, असं दुकानात कोणीतरी म्हणत होतं.

आईला ते निस्तरण्याचं सांगायला नको होतंस. आणि तिच्याबद्दल तसं लिहू नकोस.

फ्यूज


२ नोव्हेंबर

फ्यूज,

मेल्या त्या. भंगारात दे.

आता माझं ऐक. लाईनीवर किटली लावली तर बॅटरी उपाशी मरते. तुझ्या बॅटऱ्या तहानेने मेल्या. किटली पाणी पीत नाही. मार्चचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात तूच लिहिलंस, महिन्याला चारीत मिळून सव्वा लिटर. सात लिटर म्हणजे साडेपाच-सहा महिने त्या टोपणांना कोणी हात लावलेला नाही. त्या बसल्या त्या दिवसापासून मागे मोजत जा, कुठे येतोस बघ.

कार्डांवर सही कोणाची आहे? एवढंच लिही.

मामा


८ नोव्हेंबर

मामा,

माझी.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग फोडलं, कारण तेवढ्यावर थांबलो तर तू समजशील की आळसाने झालं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पाणी भरून झाल्यावर मी तिला विचारलं. म्हणजे काय विचारलं ते आता लिहवत नाही, चार दिवस पाठ केलेलं होतं. ती गोळ्या मोजत होती. तिने मोजणं पूर्ण केलं, डबी बंद केली आणि म्हणाली, "तुम्ही काम मनापासून करता, त्याचं मला कौतुक आहे. त्यापलीकडे माझ्या मनात काही नाही. आधी कधी तसं वाटलं असेल तर माझं चुकलं." इतक्या सरळ शब्दांत कोणी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. खिडकीबाहेर रांग होती. मी त्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मग बघा आता तुमच्या बॅटऱ्या तुम्हीच." आणि निघालो. सायकलवर बसल्यावर कळलं की चावी खिशातच आहे. परत जाऊन द्यायला हवी होती. मी पायडल मारलं.

मे महिन्यात रागाने गेलो नाही. जूनमध्ये मेचं काय सांगू म्हणून गेलो नाही. मालक दर महिन्याला कार्ड मागायचे. मी दुकानातल्या स्टुलावर बसून भरायचो. पाणी ठीक. टर्मिनल ठीक. हायड्रोमीटरचा आकडा मार्चचाच, पण दर महिन्याला पाच-दहाने खालीवर करून, खरा वाटावा म्हणून. जुलैत तर एका कार्डावर "एका सेलमध्ये पाणी किंचित कमी, भरले" असंही लिहिलं. ते लिहिताना मला स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं होतं, मामा. आता ते कार्ड डोळ्यांसमोरून हलत नाही.

लशी गेल्या त्या सकाळी मालक म्हणाले, कार्डं आहेत म्हणून वाचलो. किटलीची शंका डॉक्टरीणबाईंनी काढली, मी नाही. पण मी तिथेच उभा होतो. त्यांनी मला विचारलं, "असं होऊ शकतं ना?" मी म्हणालो, होऊ शकतं.

तू तिच्याबद्दल जे जे लिहिलंस ते माझ्यामुळे लिहिलंस. मी तिला पत्र लिहायला बसतो आणि चार ओळींवर अडतो. सात कागद फाडले. उत्तर द्यायची तिची मुदत संपली असेल.

फ्यूज


१४ नोव्हेंबर

फ्यूज,

तुझं पत्र दोन दिवस गल्ल्याखाली होतं. आज लिहितोय.

तुझ्याआधी माझं सांगतो. मार्चमध्ये तू मला साफ लिहिलं होतंस की पोरगी भेटावी म्हणून दवाखान्याला चुकीची बॅटरी दिली. बॅटरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने त्याच दिवशी गाडी पकडून यायला हवं होतं. मी ते चारजणांत वाचून हसलो. नंतर न बघितलेल्या पोरीला किटलीवरून नावं ठेवली. माझे कान गेलेत ते लोकांना दिसतं. हे बहिरेपण कोणाला दिसलं नाही.

आता तुझं. तिला पत्र लिहू नकोस. सात कागद फाडलेस ते बरंच झालं. तू तिला काहीही लिहिलंस तरी ते पुन्हा प्रेमपत्रच होणार, आणि ते तिने कशाला वाचायचं? पत्र डॉक्टरीणबाईंना लिही. त्यात तुझं प्रेम, तुझा राग, तुझे हाल यातलं काही नको. काय केलंस तेवढं लिही, आणि हातात नेऊन दे.

तुझ्या आईला मी सांगणार नाही. ते तूच सांग.

मामा


१८ नोव्हेंबर

मुख्य डॉक्टर मॅडम,

आपल्या दवाखान्यातील बॅटऱ्या किटलीमुळे किंवा औषधखोलीतील कोणत्याही वापरामुळे गेलेल्या नाहीत. त्या पाणी न घातल्यामुळे गेल्या. पाणी घालण्याचे काम माझे होते. एप्रिलच्या पहिल्या शनिवारनंतर मी एकदाही बॅटरीच्या खोलीत गेलो नाही. मे ते सप्टेंबरची पाचही कार्डे मी दुकानात बसून खोटी भरली आहेत. खोलीची एकमेव चावी माझ्याकडे होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाला पाणी घालणे शक्य नव्हते. औषधखोलीतील बाईंनी सुरुवातीलाच ते काम शिकवा असे सांगितले होते. मी नकार दिला.

आपण लिथियम बॅटरीबद्दल विचारले होते. आपल्याला तीच योग्य होती. मी दुसरी सांगितली, ती माझ्या स्वतःच्या कारणासाठी. त्या कारणाशी औषधखोलीतील बाईंचा काही संबंध नाही आणि त्यांना ते माहीत नव्हते.

किटलीमुळे असे होऊ शकते का, असे आपण मला विचारले तेव्हा मी हो म्हणालो. ते खोटे होते.

सात लिटर पाणी लागल्याचा आणि हायड्रोमीटरच्या आकड्यांचा कागद सोबत आहे. चावीही सोबत आहे. हे पत्र आपण कोणालाही दाखवू शकता. दुकानाच्या मालकांना एक प्रत दिली आहे.

(सही)


२४ नोव्हेंबर

मामा,

पत्र दिलं. मालकांनी प्रत वाचली आणि एवढंच म्हणाले, "तुझी हत्यारं घे." मला वाटलं होतं ते हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं. लिथियम बसवायला ते स्वतः गेले, काल काम पुरं झालं.

डॉक्टरीणबाईंनी पत्र उभ्याने वाचलं. मग कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. तिचं उत्तर होतं. मुदतीच्या चार दिवस आधीच दिलेलं. लिहिलं होतं, "किटली लावल्याचे मला आठवत नाही. परंतु तपासणीची कार्डे बरोबर असतील तर चूक माझ्याच खोलीत झाली असली पाहिजे. मी जबाबदारी स्वीकारते." खाली सही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून येऊ नको, असं मी तिला परवा सांगणार होते." मग म्हणाल्या, "हा कागद तुम्हीच तिला परत नेऊन द्या. मला ती हिंमत नाही."

औषधखोलीत ती नव्या लशी फ्रिजमध्ये लावत होती. मी कागद पुढे केला, काय झालं ते सांगितलं. तू बजावलं होतंस तसंच, माझं काही न घालता. तिने हातातलं खोकं आत ठेवलं, फ्रिज बंद केला, मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "जाळीतून मला सगळ्या काड्या लाल दिसत होत्या. जूनपासून. मी तीन वेळा दुकानात फोन केला. तिन्ही वेळा मालक म्हणाले, कार्डावर पाणी ठीक आहे. मला वाटलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं."

मामा, आता जे लिहितो ते तुलाही लिहिलेलं नाही आणि त्या पत्रातही नाही. तिने विचारलं, "मी फोन केला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मी म्हणालो, "दुकानातच. मालकांनी कार्ड माझ्याकडूनच मागून घेतलं. तिन्ही वेळा."

"माझा आवाज येत होता?"

"येत होता."

ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती माझ्याकडे फक्त बघत राहिली, औषधाच्या बाटलीवरची तारीख नीट लागत नसली की बघतात तसं. मग आपला कागद चार घड्या करून खिशात ठेवला. बाहेर आया पोरांना घेऊन बसल्या होत्या, एक पोर सारखं रडत होतं. तिने पहिलं नाव पुकारलं.

मी दारातच उभा होतो. "सरका जरा," ती म्हणाली, "त्यांना आत येऊ द्या."

मी सरकलो.

फ्यूज